चार नगरसेवक आणि एक चेंबर

ओसरीवरचा
(४ जानेवारी २०२६)

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं एक चेंबर आहे. दर जुलैत ते उलटं वाहतं. शहराचं आणि प्रभागाचं नाव लिहीत नाही, कारण चौघांपैकी दोघं परत उभे आहेत आणि एकाच्या पुतण्याचं दुकान आमच्याच कोपऱ्यावर आहे. चारचा प्रभाग आहे, म्हणजे एकाच प्रभागातून अ, ब, क, ड अशा चार जागांवर चार नगरसेवक, एवढं पुरे.

२०२१ च्या जुलैत पाणी पार्किंगमध्ये शिरलं तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी मीच होतो, त्यामुळे फोन करणं ओघानं आलं. अ जागेवाल्या ताईंचा फोन त्यांच्या मिस्टरांनी उचलला. "काका, तुमची गल्ली आमच्याकडे नाही. नाल्याच्या अलीकडचं आम्ही बघतो, पलीकडचं भाऊ बघतात." भाऊ म्हणजे ड जागेवाले. भाऊंचा पीए म्हणाला, आमच्याकडे रस्ते आणि लाइट, ड्रेनेजचं ब वाले बघतात. ब वाले गावाला गेले होते. क वाल्या ताईंनी स्वतः फोन उचलला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, मी विरोधी पक्षातली. माझं कोण ऐकतंय?" भावकीत शेत वाटतात तसा चौघांनी प्रभाग वाटून घेतला होता आणि आमची गल्ली नेमकी बांधावर आली होती.

शेवटी वॉर्ड ऑफिसात जाऊन ड्रेनेजच्या मुकादमांना गाठलं. चहा पाजला. दुसऱ्या दिवशी जेटिंगची गाडी आली, तासाभरात चेंबरमधून गादीची एक खोळ आणि दोन घमेली विटांचे तुकडे निघाले. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स: "यांच्या अथक पाठपुराव्यामुळे..." चार फोटो. भाऊंचा सगळ्यांत मोठा, क वाल्या ताईंचा पासपोर्ट साइज.

मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले. २०२४ च्या पावसात चेंबर परत तुंबलं. तेच मुकादम, तोच चहा, तीच गाडी. फक्त फ्लेक्स लागला नाही.

आता पंधरा तारखेला महापालिकेचं मतदान आहे. माझा साधा प्रश्न: एका माणसाला चार-चार प्रतिनिधी कशाला? मुंबईकरांना एक पुरतो, मग बाकीच्यांच्या गळ्यात ही चौकडी का?

---

चौकशी_खिडकी

धागा आवडला. बांधावरच्या गल्लीला माझी सहानुभूती.

इतिहास सांगतो. मुंबईत २२७ प्रभाग आणि २२७ नगरसेवक, तिथल्या एकच्या पद्धतीला कुणी हात लावत नाही. बाकीच्या महापालिकांत मात्र दर निवडणुकीला नवा खेळ. पुण्याचंच घ्या, कारण तिथले आकडे मला पाठ आहेत. २००२ ला तीनचा प्रभाग. २००७ ला एकचा. २०१२ ला दोनचा. २०१७ ला चारचा: ४१ प्रभाग, १६२ नगरसेवक.

खरी गंमत त्यानंतरची. डिसेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडी सरकारने कायदा बदलून एकचा प्रभाग आणला. २०२१ मध्ये त्याच सरकारने तो तीनचा केला. पुण्यात ५८ प्रभाग आणि १७३ जागांचा आराखडा तयारही झाला होता, हरकती-सूचना झाल्या, लोकांनी नकाशे काढून भिंतीवर लावले. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि गाडी परत चारवर. म्हणजे आधी एकची आणि मग तीनची अशा दोन पद्धती कायद्यात आल्या आणि एकही मत न पडता गेल्या. सत्तेत येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या मापाचा सदरा शिवून हवा असतो.

मधल्या काळात ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता. ६ मे २०२५ ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, मग ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली, म्हणून ही घाई. सगळ्या २९ महापालिकांचं मतदान एकाच दिवशी. पुण्यात यंदा ४१ प्रभाग आणि १६५ जागा. चाळीस प्रभाग चारचे, आणि आंबेगाव-कात्रजचा ३८ नंबर पाचचा. तिथल्यांनी ओसरीवरच्यांपेक्षा एक फोन जास्त करायचा.

---

सतरंज्या_उचलणारा

ओसरीवरचे काका, राग मानू नका, पण तुमचे चौघं नालायक होते म्हणून पद्धत वाईट होत नाही.

मी गेली अठरा वर्षं एका पक्षाचं काम करतो. कुठला ते विचारू नका, इथे लगेच हाणामारी होते. एकचा प्रभाग असतो तेव्हा काय होतं ते जवळून पाहिलंय. माणूस पाच वर्षं राबतो, लग्नाला जातो, दहाव्याला जातो, रात्री दोनला पेशंट घेऊन ससून हॉस्पिटलला जातो. मग आरक्षणाची सोडत निघते आणि प्रभाग महिलांसाठी राखीव. झालं. बायकोला उभं करायचं किंवा दुसऱ्याच्या प्रभागात जाऊन त्याच्याशी भांडायचं. चारच्या प्रभागात निम्म्या जागा महिलांच्या, एखादी अनुसूचित जातीची, एखादी ओबीसींची, तरी बहुतेक ठिकाणी एक सर्वसाधारण जागा उरते. काम करणाऱ्याची सोय होते आणि राखीव जागेवरच्या नवख्या उमेदवाराच्या मागे तीन जणांची ताकद उभी राहते.

आता खरं सांगतो. पॅनल टू पॅनल चालवायला सोपं जातं. चार चेहरे, एक चिन्ह, एकच पत्रक. एक दमदार असेल तर तीन ओढून नेतो. आणि अपक्षाचा काटा आपोआप निघतो. पुण्यात एका प्रभागात ऐंशी-पंच्याऐंशी हजार लोकसंख्या, तीही २०११ च्या जनगणनेची, खरी किती ते देवाला ठाऊक. एकट्या माणसाने एवढी दारं वाजवायची म्हटली तर चपलेचे तीन जोड जातील. हे पक्षांना कळतं. सगळ्या पक्षांना. म्हणून विरोधात असताना ओरडतात आणि सत्तेत आल्यावर गप्प बसतात.

---

ओसरीवरचा

बघा, मी विचारलं होतं नागरिकाला काय फायदा, उत्तर आलं उमेदवाराला काय फायदा. प्रांजळपणाबद्दल मात्र पैकीच्या पैकी.

---

केंद्राध्यक्ष_नाइलाजाने

पेशाने शिक्षक, त्यामुळे निवडणूक ड्यूटी जन्माला पुजलेली. २०१७ ला चारच्या प्रभागात केंद्राध्यक्ष होतो, यंदाही ऑर्डर आली आहे. मतदाराच्या बाजूचं सगळेच बोलतात, टेबलाच्या आतल्या बाजूचं थोडं लिहितो.

चार जागा म्हणजे चार निवडणुका एका खोक्याआड. मतपत्रिकेचे रंग वेगळे असतात: अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. उमेदवार जास्त असले की यंत्रंही जास्त, शेजारी शेजारी मांडलेली. प्रत्येक जागेच्या यादीच्या शेवटी 'वरीलपैकी एकही नाही'. म्हणजे कुणीच पसंत नसेल तरी चार वेळा नापसंती नोंदवायची. चारही जागांचं बटण दाबलं की मगच ती लांब शिटी वाजते. विधानसभेसारखी चिठ्ठी दाखवणारी मशीन इथे नसते, त्यामुळे सगळा भरवसा त्या शिटीवर.

सकाळी नऊच्या सुमारास एक आजी आल्या. नऊवारी, हातात रुमालात बांधलेलं ओळखपत्र. आत गेल्या, एक बटण दाबलं आणि निघाल्या. शिटी नाही. मी जागेवरूनच म्हणालो, "आजी, अजून तीन राहिली." परत गेल्या. बराच वेळ काही नाही. मग आतून आवाज, "अरे तेच दाबतेय मी, घेत नाही ते!" रांगेत हशा. मी रंग समजावले, पांढरं झालं, आता गुलाबीवर, मग पिवळ्यावर. आत जाऊन दाखवता येत नाही, लगेच पोलिंग एजंट हरकत घेतात. शेवटी शिटी वाजली. बाहेर पडताना आजी मला म्हणाल्या, "एकीला ओळखून दिलं. बाकीची तीन देवाच्या नावाने."

संध्याकाळपर्यंत मी मनातल्या मनात मोजत होतो, किती जणांनी तीन देवाच्या नावाने दिली असतील.

---

गिरगावचा_ठसका

एकचा प्रभाग म्हणजे स्वर्ग असं समजणाऱ्या पुण्या-नाशिकच्या बांधवांनो, आमच्या चाळीच्या मागच्या गल्लीत येऊन जा. नगरसेवक एक असो की चार, पाणी उताराच्याच दिशेने जातं. :)

पण एक मान्य. एकच असला की मताची किंमत डोळ्यांना दिसते. २०१७ ला आमच्याकडच्या २२० नंबरच्या प्रभागात शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह, दोघांना ५,९४६ मतं. बरोब्बर सारखी. फेरमोजणी झाली, तरी सारखी. शेवटी चिठ्ठी टाकली, लहान मुलीच्या हातून उचलली आणि शाह निवडून आले. त्या वर्षी सेना ८४ आणि भाजप ८२ अशी घासाघीस होती, म्हणजे एका चिठ्ठीचं वजन बघा. तेव्हापासून आमच्या मजल्यावर मतदानाच्या दिवशी अलिबागला जायचं कुणी नाव काढलं की बाकीचे त्याला २२० म्हणून हाक मारतात.

---

दुपारचा_चहा

ओसरीवरचे दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण चेंबरसाठी नगरसेवकाला फोन करायचा ही सवयच मुळात आपली आपण लावून घेतलेली आहे. चेंबर मुकादमाचंच काम. तुम्ही शेवटी बरोबर माणसाकडे गेलात.

माझी मोठी वहिनी एक टर्म नगरसेविका होती. शहर मीही सांगत नाही. महिला राखीव जागा, आणि उभी राहिली ती दादाच्या सांगण्यावरून, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिले दोन-तीन महिने नगरसेवकाचं लेटरहेड आणि शिक्का दादाच्या बॅगेत. कुणी रहिवासी दाखला मागायला आलं की दादा सही कुठे करायची ते बोटाने दाखवायचा आणि वहिनी करायची. लोक हाक मारायचे तीही "दादा आहेत का?" अशी.

मग अंदाजपत्रकाची सभा आली. ते जाडजूड पुस्तक घरी आलं, दादाने ते टीव्हीखाली ठेवलं. वहिनी बारावी कॉमर्स. रात्री भाकरी झाल्या की ओट्याशी स्टूल ओढून पेन्सिल घेऊन वाचायला बसायची. आमच्या प्रभागात त्याच पाइपलाइनला दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा तरतूद धरली होती, हे तिने शोधून काढलं. सभागृहात उभं राहून विचारलं. पक्षाच्या गटनेत्याने खाली बसा म्हणून खुणा केल्या, ती बसली नाही. एक तरतूद रद्द झाली. त्या रात्री तिने दादाच्या बॅगेतून शिक्का काढला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. दादा काही बोलला नाही. मला वाटतं तो थोडा घाबरला होता.

नगरसेवकाचं काम हे आहे. करवाढीला हो म्हणायचं की नाही, विकास आराखड्यातलं मैदान कुणाच्या घशात जातंय, टेंडर कुणाला. त्यासाठी स्थायी समिती असते, पुण्यात १६ जणांची, त्यातले निम्मे दर वर्षी बाहेर काढतात (पहिल्या वर्षी कोण ते चिठ्ठ्या टाकून), कुणी कायमचं चिकटू नये म्हणून. २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं काय चाललं होतं? आयुक्त प्रस्ताव मांडणार, स्थायी समिती म्हणूनही तेच बसणार, सर्वसाधारण सभा म्हणूनही तेच मंजूर करणार. स्वतःच्या पेपरला स्वतःच मार्क. चेंबर तेव्हाही निघालं हे खरं. पण त्या काळात तुमच्या शहराचे किती कोटी कुठे गेले हे विचारायला उभं राहणारं कुणीच नव्हतं.

---

ओसरीवरचा

वहिनींना माझा नमस्कार सांगा. हे वाचून मी माझा प्रश्न बदलतो. आमच्या चौघांपैकी सभागृहात कोण काय बोललं हे मला पाच वर्षांत एकदाही कळलं नाही. एकच असता तर निदान त्याचं नाव घेऊन इतिवृत्त शोधलं असतं. चौघं असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बोलला असेल, आणि मलाही तसंच वाटत राहतं.

---

टेम्सकाठचा

लंडनमधून थोडं अवांतर. इथेही बहुतेक वॉर्डांत दोन किंवा तीन कौन्सिलर असतात. फरक असा की मतपत्रिका एकच, तीन फुल्या मारायच्या, सगळ्यांत जास्त मतं मिळालेले पहिले तीन आत. जागा अ-ब-क अशी वाटलेली नसते. त्यामुळे मी दोन फुल्या एका पक्षाला आणि एक पर्यावरणवाल्या बाईंना देतो.

आणि हे इथल्या पुष्कळ मराठी मंडळींना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहितो: भारतीय पासपोर्टवर असलात तरी इथे मत देता येतं. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथे कायदेशीर राहत असतील तर मतदार यादीत नाव घालता येतं. मी व्हिसावर आलो त्याच वर्षी नाव घातलं. ऑफिसातल्या फ्रेंच सहकाऱ्याने इथे सात वर्षं काढलीत, तो पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाही, मी देतो. इंग्रजांनी दीडशे वर्षांत दिलेलं एवढंच व्याज. येत्या मे महिन्यात लंडनच्या सगळ्या बरोंच्या, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकांच्या, निवडणुका आहेत. ज्यांची नावं नाहीत त्यांनी घाला.

तीन कौन्सिलर असल्याचा त्रास? आमच्याकडे महिन्याच्या एका शनिवारी त्यांच्यातला कुणीतरी लायब्ररीत बसतो. ज्याची पाळी तो सगळ्यांचं ऐकतो. नाल्याच्या अलीकडचं-पलीकडचं नसतं. कचऱ्याचा डबा मात्र तरीही तीन आठवडे आला नव्हता.

---

इझारकाठी

तुम्ही चार-पाच बटणांवर दमलात? म्युनिकला या. :) नगर परिषदेत ८० सभासद आणि प्रत्येक मतदाराला ८० मतं. होय, ऐंशी. हवं तर सगळी एका यादीला एका फुलीत देऊन टाका. नाहीतर एकेका उमेदवाराला तीनपर्यंत मतं द्या, या यादीतले पाच, त्या यादीतले सात असं वेचत बसा. बेरीज ऐंशीच्या वर गेली की तुमची मतपत्रिका बाद होण्याची भीती. मतपत्रिका एवढी मोठी की आमच्या जेवणाच्या टेबलावरून दोन्ही बाजूंनी खाली लोंबते. टपालाने मागवता येते म्हणून बरं.

मागच्या वेळी नवऱ्याने (तो इथलाच) रविवारची सकाळ घालवली होती. मी पोहे करत होते आणि तो पेन्सिलने बेरजा करत होता. मला तेव्हा मत नव्हतं. इथे महापालिकेला युरोपीय संघातल्या नागरिकांना मत आहे, आपल्याला नाही. टेम्सकाठच्यांचा हेवा वाटला. गेल्या वर्षी जर्मन पासपोर्ट घेतला, भारतीय परत केला, त्या दिवशी घरी येऊन रडले. आता ८ मार्चला माझं पहिलं मतदान. महापौरही थेट लोकच निवडतात, त्याची मतपत्रिका वेगळी. नारायण पेठेत वाढलेल्या मुलीला आजवर महापौर निवडायला कुणी विचारलं नव्हतं.

---

जुनी_दप्तरं

छान चाललंय. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, सदस्यांचा विषय कुणी काढला नाही म्हणून काढतो.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे शाळेत एका ओळीत संपवतात. ते निवडून आलेले नव्हते, नेमलेले होते. व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून त्याच्या स्वागतावर नगरपालिकेने पैसे खर्च करायचं ठरवलं, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला असं म्हणत जोतीरावांनी एकट्याने विरोध केला. सरकारने नेमलेला माणूस सरकारच्या पाहुण्याच्या खर्चाला नाही म्हणाला.

आजही महापालिकेत स्वीकृत सदस्य असतात. कल्पना अशी की डॉक्टर, इंजिनिअर, वकील, सामाजिक काम करणारे असे जाणते लोक निवडणुकीच्या धुळीत न उतरता सभागृहात यावेत. त्यांना मत देता येत नाही, बोलता येतं. प्रत्यक्षात पडलेल्यांचं आणि तिकीट कापलेल्यांचं पुनर्वसन. अर्ज भरून झाले की चारच्या प्रभागात नाराजांची जी रांग लागते, त्यांना "तुला स्वीकृतवर घेतो" हा शब्द किती जणांनी दिला असेल ते सतरंजीवाल्यांनी सांगावं.

---

सतरंज्या_उचलणारा

आमच्याकडे जागा दहा. शब्द मी ऐकलेले एकोणीस. आणि मी काही सगळ्या बैठकांना नव्हतो.

---

चौकशी_खिडकी

खिक्क.

आणखी एक. आपल्या कायद्यात क्षेत्रसभा नावाची तरतूद २००९ पासून पडून आहे. ग्रामसभेसारखी, काही बूथ मिळून एक, नगरसेवकाने तिथे लोकांसमोर येऊन बसायचं. आता एका प्रभागात चौघं असल्यावर कुणाच्या क्षेत्रसभेत कोण बसणार, हे कागदावर ठरवणं अवघड नाही, पण ठरवायचं कुणाच्या मनात आहे? सभा घ्या म्हणून पत्र लिहायचं झालं तर मसुदा मी देतो.

---

ओसरीवरचा
(१५ जानेवारी २०२६, रात्री)

मतदान करून आलो. यादीत माझ्या नावापुढे दोन तारे होते, म्हणजे दुबार मतदार असल्याचा संशय. माझ्यासारखं नाव असलेला दुसरा कुणीतरी याच शहरात आहे म्हणे. हमीपत्र लिहून दिलं तेव्हा आत सोडलं. बोटाला शाई मार्करची.

चार बटणं दाबली. दोन ओळखून, एक क वाल्या ताईंना, कारण फोन स्वतः उचलला होता. त्या आता वेगळ्याच पक्षात आहेत, पण असू दे. चौथं मात्र रंग बघून दाबलं, निळा. केंद्राध्यक्षांच्या आजींची आठवण झाली.

---

केंद्राध्यक्ष_नाइलाजाने

साहित्य जमा करून आत्ता घरी पोचलो, साडेदहा. पाय सुजलेत. आज एकही आजी परत पाठवावी लागली नाही. एक तरुण मात्र एका बटणावर निघून चालला होता, कानात हेडफोन, हाका ऐकूच गेल्या नाहीत. शिपायाने पळत जाऊन आणला.

---

ओसरीवरचा

आराम करा सर.

चौकशी_खिडकी, मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सोसायटीतल्या सह्या मी घेतो, चौघांनाही वेगवेगळं पत्र देऊ, पोच घेऊन.

आणि एक चौकशी. आमच्या मुकादमांची डिसेंबरात बदली झाली. पावसाळ्याला पाच महिने आहेत. नव्यांचा नंबर कसा मिळवायचा, कुणाला काही कल्पना?